उसना धूर

मोजणीवाली आली तेव्हा मी भट्टीच्या सावलीत बसून फुटक्या विटांतून बऱ्या विटा निवडत होते. पोरगी काडीसारखी. खांद्याला झोळी, हातात ती काचेची पाटी, बोट लावलं की उजळते ती. उन्हानं नाकाचा शेंडा सोलवटला होता बिचारीचा. मला तिची दया आली, आणि मला कुणाची दया आली की मी त्याला थापा मारते. खोड आहे माझी, जुनी.

"आजी, भट्टी तुमची का?"

"माझी कुठली! सासऱ्यांची. वर जाऊन वीस वर्षं झाली त्यांना, पण अजून अधूनमधून येतात, थर सरळ लावलेत का ते बघायला."

हसली पोरगी. पाणी प्यायली. मग म्हणाली, आभाळात धूर फार झालाय, म्हणून कोण किती जाळतं ते घरोघर लिहून घेतेय. पुढे आणखीही काही सांगितलं तिनं, वाट्याबिट्याचं. माझं लक्ष नव्हतं. धूर फार झालाय एवढं कानावर पडलं आणि मी मनात म्हटलं, हं, म्हणजे दंड.

सगळ्या वस्तीनं तेच म्हटलं होतं. लोहारानं सकाळीच निरोप फिरवला होता, "कमी सांगा." आमची घरं एकेचाळीस. त्या दिवशी आमच्याइतकी गारठलेली, बिनधुराची वस्ती जगात दुसरी नसेल. लोहार म्हणाला, भाता आठवड्यातून एकदा, तोही घरचा विळा बोथटला तर. मुंगी म्हणाली, मी चूल सणासुदीलाच पेटवते, एरवी पातेलं उन्हात ठेवते. मुंगी म्हणजे माझी शेजारीण. एकटी राहते, उंचीनं माझ्या खांद्याला, आणि डोक्यावर कायम कसलं तरी ओझं. म्हणून मुंगी.

मग मी मागे राहीन होय?

"आमची भट्टी?" मी म्हटलं. "अगं, ती खातच नाही काही. दुसऱ्यांच्या भट्ट्या अकरा दिवस जळतात, आमची तीन दिवसांत विटा भाजून देते."

"तीनच दिवसांत?" पोरीचं बोट पाटीवर थांबलं. "कसं काय?"

"सासूची युक्ती आहे. थर असे लावायचे की आच आत शिरली की तिला बाहेरची वाट सापडू नये. बिचारी फिरत बसते आतल्या आत. चौथ्या दिवशी मी वर हंडा ठेवते आंघोळीचा."

मागे सून चिखल तुडवत होती. तिचे पाय थांबले ते मला आवाजावरून कळलं. पोरीनं सगळं लिहून घेतलं, माझा अंगठा घेतला, वाकून नमस्कारही केला. ती वळणापलीकडे गेल्यावर सून म्हणाली, "आई, अकराचे तीन?"

"दोन सांगणार होते. पण म्हटलं, पटायला नको का?"

माझा मुलगा भट्टीच्या माथ्यावर होता. तो वरून इतका हसला की हातातली वीट सुटून खाली पडली. फुटली नाही. आमची वीट अशी फुटत नसे.

---

दोन वर्षं गेली. थंडी सरली, उन्हं कोरडी झाली, आणि आम्ही विटांना हात घातला. हे काम सांगून कळत नाही. पहाटे माती भिजवायची. सून ती तुडवणार, गुडघ्यापर्यंत चिखलात, कंबरेवर हात ठेवून, जणू जागच्या जागी लांबच्या गावाला निघालीय. तिच्या टाचांना भेगा इतक्या की संध्याकाळी त्यातून खडे काढावे लागत. मुलगा साच्यात गोळा आपटणार, फळीनं कापणार, साचा उचलणार, पुढे सरकणार. दिवसाला आठशे वेळा वाकायचं. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली गेलाय. आणि मी वीट सुकली की तिला कुशीवर वळवायची. तान्ह्या पोरासारखी वळवावी लागते, नाहीतर कण्यात वाकते. चोवीस हजार वळवल्या त्या वर्षी. पलीकडच्या गावात शाळा बांधायची होती, गुत्तेदारानं वीस हजार सांगून ठेवल्या होत्या. भट्टी उतरली की घरावर नवे पत्रे, सुनेच्या दाढेचा इलाज आणि मुलाच्या खांद्याचं औषध, सगळं त्यातूनच व्हायचं होतं.

सगळ्या विटा रचून झाल्या. अठरा थर. बाहेरून लिंपण झालं. त्याच दिवशी कागद आला, आणि कागदाबरोबर एक माणूस शिडी घेऊन. त्यानं भट्टीशेजारी खांब रोवला आणि वर पत्र्याची पेटी बसवली. पेटीला एक डोळा, भट्टीकडे वळलेला.

सुनेनं कागद वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"आई, दंड नव्हताच तो. वाटे पडलेत. सगळ्या जगानं मिळून ठरवलंय, वर्षाला एवढाच धूर. त्याच्या वर फुंकरसुद्धा नाही. देशाला एवढा, मग वस्तीला एवढा, वस्तीत घराला एवढा. जो जेवढा जाळत होता, त्याला तेवढा."

"मग आपल्याला?"

"तीस मापं. भट्टी दिवसाला दहा मापं खाते असं इथं लिहिलंय." तिनं कागदाची घडी घातली. "तीन दिवस."

मुलगा खांबाखाली उभा होता. तो त्या पेटीकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

---

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाट्याच्या कार्यालयात गेलो. मुलानं धुतलेला सदरा घातला, पण नखांतली माती निघत नाही, जन्मात निघत नाही. आतली फरशी पांढरीशुभ्र. आम्ही चाललो तिथे तिथे लाल पावलं उठली. एक बाई फडकं घेऊन आमच्या मागोमाग पुसत आली. मुलानं चपला काढून हातात घेतल्या, तरी पावलं उठायची थांबेनात. मग तो एका जागी उभा राहिला, अंग चोरून.

खिडकीत चष्मेवाला कारकून. त्याच्या डोक्यावर पंखा होता, बंद. त्यालाही वाटा ठरवून दिलेला असणार, सदरा पाठीला चिकटला होता.

"तीन दिवसांत वीट भाजत नाही, साहेब," मुलगा म्हणाला. "अकरा लागतात. कमी जाळली तर ना माती ना वीट."

कारकुनानं पाटीवर बोट फिरवलं. "तुमच्याच आईंनी सांगितलंय. 'सासूची युक्ती, तीन दिवस.' अंगठा आहे."

"ती थाप होती," मी म्हटलं.

"असं कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. मारली कुणी? मीच ना?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "आजी, या महिन्यात तुम्ही एकशेतिसाव्या. प्रत्येक जण येऊन म्हणतो, तेव्हा कमी सांगितलं, आता वाढवा. जास्त सांगितलं म्हणून परत करायला एकही माणूस आला नाही."

"मग जास्त कुणी सांगितलंच नाही का?"

त्याच्या मागे खिडकी होती. खिडकीतून टेकडीपलीकडच्या सिमेंटच्या कारखान्याची दोन धुराडी दिसत होती. दोन्ही चालू.

"ज्यांनी सांगितलं," तो हळूच म्हणाला, "ते कशाला इथे रांगेत उभे राहतील?"

"पुढची मोजणी कधी?"

"दहा वर्षांनी."

"तोवर मी वर पोचलेली असेन."

"मग तिकडून बघून सांगा, धूर किती झालाय ते." आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "हसू नका आजी. माझी मुलगी या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडली शाळेत. वाटे पाडले ते काही उगीच नाही. या तालुक्याला येतो तेवढा सगळा वाटून झालाय. तुम्हाला द्यायचा तर कुणाचा तरी काढायचा. सांगा, कुणाचा काढू?"

मी तोंड उघडलं. खिडकीतून दिसत होतं उत्तर, पण त्या माणसाच्या हातात ते नव्हतं, आणि त्याला तसं बोलायला लावून काय मिळणार होतं? कारखाना उरलेला धूर विकतो म्हणाला तो. भाव सांगितला. आमच्या चोवीस हजार विटा विकून दोन दिवसांचा आला असता.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "वाटा वस्तीच्या नावावर सामाईक असतो. कुणी आपल्यातला तुम्हाला दिला तर चालतो. पण एकूण ओलांडलं तर पुढल्या वर्षी सगळ्या वस्तीचा निम्मा कापला जातो. सगळ्यांचा. आणि हो," तो पाटीत डोकावला, "वरून विचारणा आलीय. दुसऱ्या भट्टीवाल्यांना ती सासूची युक्ती शिकवाल का?"

मुलानं खिडकीच्या लाकडावर कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. मागच्या माणसानं त्याला कोपरानं ढोसेपर्यंत.

---

साखर उसनी मागावी तसा आम्ही धूर उसना मागत फिरलो. मी आणि सून. एका मापाला शंभर पक्क्या विटा, अशी बोली मुलानं ठरवून दिली. मी दारादारात सांगितलं, आमची वीट घ्या, नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील पण विटेचा कोपरा झिजणार नाही. सांगितलं, एकदा आमच्या धुरात बगळा शिरला तो कावळा होऊन निघाला, बायकोनं त्याला घरात घेतलं नाही. लोक हसले. पण हसता हसता आत जाऊन आपला कागद घेऊन आले, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. सगळ्यांनीच कमी सांगून ठेवलेलं. कुणाकडे होताच किती? त्यांचं मोजणं बघवेना मला.

लोहाराच्या दारात मुलगाही आला. लोहार ऐरणीवर बसला होता, भाता थंड.

"काय रे, राजे," तो म्हणाला. "आमच्या भात्याची हवा पण नेणार का आता?"

"कमी सांगा असा निरोप कुणी फिरवला होता, भावोजी?" मी मधेच म्हटलं.

"मी निम्मं सांगा म्हटलं होतं, वहिनी. तुम्ही तर पाव केलात. तुमची तऱ्हाच न्यारी." जरा वेळ तो मिशी चावत बसला. "चार घे. कोयते विकतचे आणतील लोक आता, त्यांना तरी काय. पण विटा ठोकून बघून घेणार मी. एकेक."

"घ्या ना काका," मुलगा म्हणाला. "एकेक ठोका."

मुंगीकडे मी एकटीच गेले. तिच्याकडे सगळी मिळून सहा मापं, वर्षाची. तिनं पाच दिली.

"वेडी का तू? मग शिजवशील कशावर?"

"उन्हात ठेवते असं लिहून दिलंय ना मी," ती म्हणाली. "आता ठेवते खरंच."

"खोटारडी."

"तुझ्याच शेजारी राहते ना."

फिरून फिरून पन्नास झाली. आमची तीस. ऐंशी. आठ दिवस. त्या संध्याकाळी मुलगा जेवला नाही. भट्टीभोवती फेऱ्या घालत राहिला, तळहात लिंपणावर ठेवून. परत आला तेव्हा म्हणाला, "आठ दिवसांचं अकरा दिवस पुरवायचं. पहिले सहा दिवस आग अर्धपोटी ठेवू. मग सोडू."

सून म्हणाली, "उपाशी आग जास्त धूर करते. तुम्हीच सांगता."

"मग तीन दिवस कमी पडतात त्याचं तू सांग. आहे काही?"

तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं. माझ्याकडे तर थापा सोडून कधीच काही नव्हतं.

---

भट्टी लावली. तळाशी सहा तोंडं, प्रत्येकात लाकूड सरकवायचं, लांब काठीनं. एरवी आम्ही पहिल्याच दिवशी भरभरून खायला घालतो तिला. आग एकदा माथ्याकडे चढायला लागली की मग ती आपली आपण चढते, गुरं घराकडे निघावीत तशी. या वेळी मुलगा एकेक ओंडका हातात तोलत होता. अर्धा फोडून बाजूला ठेवत होता. सून काठी घेऊन तोंडापाशी उकिडवी, पदर तोंडावर, भुवया जळून गेलेल्या. मी ओला चिखल घेऊन फिरत होते, लिंपणाला जिथे भेग पडेल तिथे बोटानं बुजवत. दोन दिवसांत माझ्या बोटांची साल निघाली.

आग चढेना. कढत राहिली खालच्या खाली, आणि धूर? धूर असा निघाला, दाट, पिवळट, चिकट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वा, काय जोरात भट्टी चाललीय. पेटीवर आकडा दिसायचा. सून दर जेवणाच्या वेळेला येऊन वाचायची. पहिल्या दिवशी तेरा. दुसऱ्या दिवशी सव्वीस.

"दहा व्हायला हवे होते," ती म्हणाली.

"कळतं मला," मुलगा म्हणाला.

"मग सोडा आता. भरून टाका. निदान चढेल तरी."

"आता भरली तर पाच दिवसांत संपेल."

"आणि नाही भरली तरी संपेलच ना!"

तो काठी घेऊन दुसऱ्या तोंडाशी गेला. चौथ्या दिवशी त्यानं भरली. लाकूड, भुसा, होतं नव्हतं ते सगळं. तेव्हा कुठे आग हलली. आम्ही वर चढून माथ्यावरच्या भोकातून बघितलं. पाचव्या थरापर्यंत लाल, सहाव्याला नुसती मंद तांबूस झाक. मला वाटलं, चढेल. अजून चढेल. मी भट्टीशी बोललेसुद्धा. म्हटलं, माझ्या बाई, एवढी एकदा माझी थाप खरी कर.

सहाव्या दिवशी सकाळी पेटीवर पिवळा दिवा लागला. दुपारी आकडा ऐंशीला टेकला आणि दिवा लाल झाला. आठव्या थराला आच नुकती शिवत होती. एरवीसारखी खायला घातली असती, तर आज दहावा थर लाल दिसला असता.

मी वळून बघितलं तर वस्ती येऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. दिवा सगळ्यांच्या दारातून दिसत होता. बायका, म्हातारे, लोहार कमरेवर हात ठेवून, मुंगी डोक्यावर पाण्याची घागर तशीच घेऊन. बोलले असते, भांडले असते, तर मुलाला बळ आलं असतं. तो भांडायला तयारच होता. काखेत ओंडका होता त्याच्या.

"चार दिवस," तो म्हणाला. "चारच दिवस द्या मला. चढलीय ती आता. हात लावून बघा."

कुणी हात लावला नाही.

"काका?"

लोहारानं जमिनीकडे बघितलं. "तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "आम्ही अडवायला नाही आलो. पुढल्या वर्षी निम्मा होईल सगळ्यांचा. पण तू म्हणशील तसं."

हे ऐकलं आणि मुलाच्या काखेतला ओंडका हळूहळू खाली घसरला. त्यानं सोडला नाही, तो आपला आपण घसरला. मग त्यानं पत्र्याची झाकणं उचलली. पहिलं तोंड झाकलं. मी चिखल घेऊन गेले आणि कडेनं लिंपलं. दुसरं झाकलं, लिंपलं. सुनेनं मदत केली नाही. ती सहाव्या तोंडासमोर बसून होती, काठी आत घालून, आणि तिथून तिला उठवायला मुंगीला घागर खाली ठेवावी लागली. मी तोवर मुंगीला भरली घागर अशी खाली ठेवताना कधी बघितलं नव्हतं.

आतून भट्टी बराच वेळ गुरगुरत राहिली. मग तीही थांबली. लोक घरी गेले. पाय वाजू दिले नाहीत त्यांनी.

---

निवायला आठवडा गेला. उतरवायची ती वरून. आधी माथ्याचा थर, मग त्याखालचा. म्हणजे आमच्या हातात आधी सगळी नापास वीटच आली. मुलगा दोन विटा घेऊन एकमेकींवर आपटायचा. पक्की वीट खणखणते. या थप् म्हणत होत्या. अठरावा थर थप्. सतरावा थप्. गुत्तेदार सकाळी आला होता, तो पंधराव्यापर्यंत थांबला. मग त्यानं हात झटकले, मुलाच्या त्या खाली गेलेल्या खांद्यावर थोपटलं आणि फटफटीला लाथ मारली.

आम्ही उतरवतच राहिलो. सून खाली, मुलगा वर, मी मधे. हातातून हातात. दर थराला वाटायचं, आता याच्याखाली. बाराव्या थराची एक वीट सुनेनं पाण्याच्या पिंपात टाकली. कच्ची असती तर विरघळून परत चिखल झाली असती, पुन्हा साच्यात घालता आली असती. पक्की असती तर तशीच राहिली असती. ही जरा वेळ गप्प बसली, मग तिचे कोपरे गळले, मग ती भरड झाली. खडे नि वाळू. सुनेनं पिंपात हात घालून तळातून मूठ भरली आणि बघत राहिली. त्या मातीवर ती दीड महिना चालली होती.

"याचं काहीच होत नाही का हो?" तिनं विचारलं.

"खड्डे भरायला," मुलगा म्हणाला.

पाचव्या थराला खणखणली. तिथून खाली सगळ्या चांगल्या. मोजल्या तेव्हा साडेपाच हजार भरल्या. वस्तीला द्यायच्या पाच हजार.

मी म्हटलं, "अरे, अर्ध्या वरच्या घाल त्यांच्या ढिगात. रंगानं कुणाला कळतंय? मी सांगते त्यांना, ही नवीन जात आहे, उन्हाळ्यात गार राहते."

"आई," तो म्हणाला, "आता पुरे."

एवढंच. आवाज चढवला नाही. चाळीस ढीग लावले त्यानं, ज्याच्या त्याच्या मापाप्रमाणे, सगळे तळच्या विटांचे. लोक टोपल्या घेऊन आले. लोहारानं चारशेमधली एकही ठोकून बघितली नाही. मुंगीनं पाचशे नेल्या, आठ आठ करून, दोन दिवस. मी म्हटलं, राहू दे, सून आणून टाकेल. तर म्हणाली, मला सवय आहे. तिच्या दारात पातेलं खरंच उन्हात ठेवलेलं होतं, वर काच झाकून. मी झाकण काढून बघितलं नाही.

पाचशे विटा आम्हाला उरल्या. पत्रे राहिले, दाढ राहिली, खांदा राहिला.

त्या सोमवारी मुलगा टेकडीपलीकडच्या कारखान्यात गेला. तिथे आगीच्या कामाला माणसं हवीच असतात, आणि आग कळणारा माणूस बघून त्यांनी त्याला त्याच दिवशी ठेवून घेतला. तिथली भट्टी आडवी आहे म्हणे, लोखंडाची, आमच्या वस्तीएवढी लांब, आणि ती गरगर फिरते. मी सांगत नाहीये हे, त्यानं सांगितलं.

पहिल्या दिवशी परत आला तो दिवस मावळताना. हातपाय धुतले. सुनेनं ताट वाढलं. तिनं त्याच्या नखांकडे बघितलं, माती गेली होती, तिच्या जागी राखाडी काहीतरी बसलं होतं. तो दोन घास जेवला आणि थांबला.

"कसं आहे तिथलं?" सुनेनं विचारलं.

"तिथे आग विझवतच नाहीत," तो म्हणाला. "मी विचारलं त्यांना. अकरा वर्षांपूर्वी पेटवलीय, दुरुस्तीला सोडून कधी थंड केली नाही. नुसतं चारत राहायचं. कुणी आकडा वाचत नाही, काही नाही. काय आग आहे, आई. एकसारखी. पांढरी."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. राग असता तर मला चाललं असतं. त्याला कौतुक वाटत होतं.